रिकामं दिसणारं तळं

गेनूभाऊ, तुमच्या नावाची बाग होणार होती आणि ती मी होऊ दिली नाही. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगते. तुम्ही आता जिथं असाल तिथंही आपल्या गावचं कुणी ना कुणी पोचलेलं असणारच, आणि आपल्या गावच्या माणसाच्या पोटात बातमी राहत नाही.

तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. मी आले होते. जेवले नाही, म्हणून ठकूबाई रागावल्या असतील असं वाटलं, पण पंगत बसायला दिवस मावळला होता आणि आमच्यात मावळल्यावर जेवत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लांबूनच हात हलवून मला जा म्हणून सांगितलं. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या दुःखात त्यांचं लक्ष सूर्याकडे होतं. ही सवय तुम्ही लावलेली. पंचायतीच्या मीटिंगा लांबल्या की दारात उभे राहून तुम्ही उगाच खोकायचे आणि ग्रामसेवकाला म्हणायचे, "आवरा राव, भाबींचं जेवान बुडंल." मीटिंगला बसलेल्या अकरा जणांत माझ्या जेवणाची काळजी असलेला एकच माणूस होता आणि तो मीटिंगला बसलेला नव्हता.

तुमच्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या. ग्रामपंचायतीचे जुने कर्मचारी, मनमिळाऊ, मागे पत्नी आणि मुलगा. मनमिळाऊ हा शब्द वाचून मला हसू आलं. माझ्याशी तुम्ही बारा-तेरा वर्षं भांडलात.

पहिल्या भेटीपासूनच. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, सासऱ्यांनी माझं नाव दिलं आणि भांड्यांच्या दुकानाच्या गल्ल्यामागे बसणारी मी पंचायतीत जाऊन बसले. सगळ्यांनी आपापल्या आवडीची कामं वाटून घेतली. कुणी रस्ते घेतले, कुणी दिवाबत्ती. उरलं सांडपाणी, ते नव्या बाईच्या पदरात टाकलं. मी म्हटलं, घेतलंय तर बघून तरी येऊ. नदीकडच्या उतारावर तुम्ही खांद्यावर घोंगडी टाकून उभे होतात. चैत्रातल्या उन्हात घोंगडी. मी नाकाला पदर लावला होता.

"भाबी, पदर काढा," तुम्ही म्हणालात. "वास न्हाई घेतला तर तळं बरं हाय का आजारी हाय ते कसं कळंल?"

मग तुम्ही शिकवायला लागलात. बऱ्या तळ्याला ओल्या मातीचा, शेवाळाचा वास येतो. आजारी तळ्याला सडक्या... आणि तुम्ही थांबलात. पुढचा शब्द अंडी होता आणि समोर जैनाघरची सून. तुम्ही इकडं पाहिलंत, तिकडं पाहिलंत, दुसरी कुठली वस्तू तशी सडते ते आठवून पाहिलंत आणि शेवटी म्हणालात, "तुमाला न्हाई ठावं ते. आला की मी सांगन." एवढ्या वर्षांत मी अंडं काही फोडलं नाही, पण तो वास आता मला कुणी सांगावा लागत नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातल्या मोरीत ओतलेलं पाणी कुठंतरी जातं. हसू नका. शिकलेल्या घरातल्या बाईला हे ठाऊक नव्हतं. पेठेतल्या सगळ्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं, संडासांचं पाणी गटारानं उताराला लागतं आणि नदीला मिळण्याआधी तुमच्या तळ्यात थांबतं. तिथं ते ऊन खात पडून राहतं, घाण तळाशी बसते, पलीकडच्या तोंडातून बरंचसं निवळलेलं पाणी बाहेर पडतं. तळी दोन. एक वर्षभर काम करतं, दुसरं कोरडं पडून असतं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही वाटणीच्या हौदातल्या जाड लाकडी फळ्या उचलून इकडच्या खाचेतून तिकडच्या खाचेत बसवायचे आणि पाणी दुसऱ्या तळ्यात फिरवायचे. आधीचं तळं मग वर्षभर वाळायचं. त्याला भेगा पडायच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातला वाळलेला गाळ शेतकरी ट्रॅक्टरनं उचलून न्यायचे. ना मोटर, ना लाइट. दोन खड्डे, चार फळ्या आणि तुम्ही.

हे असं का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मेंढरांचं सांगितलं. तुमचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, पावसाच्या आधी वर यायचे. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या वावरात मेंढरं बसवायला बोलवायचे, लेंड्यांच्या खतासाठी. चार रात्री एका वावरात, मग उठायचं, पुढच्या वावरात. "धान्याच्या लोभानं बापानं एकदा एकाच वावरात लई दिस बसवली," तुम्ही म्हणालात. "वावार जळालं. दोन वरसं काय उगावलं न्हाई. खत बी जास्ती झालं की इख व्हतं, भाबी. जिमिनीला पचवायला येळ द्यावा लागतो." मेंढरं विकून तुम्ही पंचायतीच्या नोकरीला लागलात, पण डोक्यातून मेंढरांचा वाडा काही उठला नव्हता. तळ्यांनाही तुम्ही तसंच बसवत-उठवत होतात.

मग तुम्ही मला नदीपर्यंत चालवत नेलंत. नवी चप्पल होती, ती वाया गेली. डिंभ्याच्या धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं आणि घोड नदीच्या पात्रात फक्त डबकी उरली होती. त्यातून एक बारीक धार चालली होती. ती धार कुठून येते ते बघा म्हणालात. ती आपल्या तळ्यातून येत होती. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत नदी म्हणून जे काही वाहत होतं ते आमच्या पेठेचं न्हाणीघर होतं. आणि खाली, काठावर, तुमच्या वस्तीची विहीर.

"तुमी पाणी गाळून पिता," तुम्ही म्हणालात, "आन आमी तुमचं गाळल्यालं पितो. म्हनून म्हनतो, नीट गाळू."

चेष्टाच केलीत. पण घरी येऊन माठावर फडकं बांधताना माझा हात थांबला. पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू नये म्हणून आमच्यात पाणी गाळतात, आणि फडक्यात अडकलेलं पुन्हा जिथलं तिथं सोडून येतात. एवढा विचार पाणी घरात येताना. जाताना कसलाच नाही. सासूबाईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, मोरीचा विचार करत बसलीस तर स्वयंपाक कधी होणार.

हे सगळं कळूनही मी जे केलं ते केलं, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

आम्ही दुकानदार माणसं. रिकामी जागा आमच्या डोळ्यांत सलते. घरात रिकामं कपाट नसतं, दुकानात रिकामी फळी नसते. भर बाजाराच्या दिवशी एखाद्याचं शटर बंद दिसलं तर सासरे हळहळायचे, दुकान आमचं नसलं तरी. आठवडे बाजार तेव्हा रस्त्यावर भरायचा. एसट्या अडकायच्या, भाजीवाल्या बायकांना उन्हात बसायला जागा नसायची, रोज तक्रारी. आणि उतारावर मला ते कोरडं तळं दिसायचं. एवढं मोठं, सपाट, वर्षभर पडीक. एक तळं चाललंय ना छान? मग दुसरं कशाला अडवून ठेवायचं? त्यात मुरूम भरा, बाजार तिकडं हलवा. मला वाटलं, इतकी वर्षं पंचायतीत बसलेल्या पुरुषांना जे सुचलं नाही ते मला सुचलं.

तुम्हाला कळलं तसे तुम्ही दुकानाच्या पायरीशी आलात. आत या म्हटलं तर आला नाहीत, पायाला चिखल होता. गिऱ्हाईक होतं, म्हणून मी तुम्हाला थोडा वेळ उभं केलं. तेही आठवतंय मला. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "भाबी, ते तळं रिकामं न्हाई. ते निजलंय."

मी हसले. तळ्याला कसली झोप, गेनूभाऊ? तुम्ही मेंढरांचं पुन्हा सांगायला लागलात आणि मी म्हटलं, मेंढरं वेगळी आणि पंचायतीचं काम वेगळं. तुम्ही मान डोलावलीत. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातलीत आणि गेलात. पुढच्या मीटिंगला ठराव मी मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या. मुरूम पसरायचं काम पंचायतीनं तुम्हालाच दिलं आणि तुम्ही ते इमानानं केलंत. सात दिवस रोज.

पहिलं वर्ष काही झालं नाही. भाजीवाल्या बायका पंचायतीला दुवा देत होत्या. मी तुम्हाला एकदा म्हटलंसुद्धा, बघा, काही बिघडलं का? तुम्ही म्हणालात, "पचंस्तवर कुणाचंच बिगडत न्हाई."

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही मला निरोप पाठवलात. मी उतारावर गेले. पदर नाकाला लावला नाही, आणि तुम्ही जो वास सांगन म्हणाला होतात तो मला न सांगता कळला. तळं तळापासून काठापर्यंत गाळानं भरलं होतं. पाणी एकीकडून येत होतं आणि तसंच, काळंच्या काळं, दुसरीकडून नदीत चाललं होतं. थांबायला त्याला जागाच नव्हती. गाळ काढावा तर तळं बंद करावं लागणार, आणि बंद करावं तर पाणी वळवायला दुसरं तळं कुठं आहे? त्यावर कांदे-बटाटे मांडले होते.

पाऊस लागला आणि खालच्या वस्तीत कावीळ आली. घरटी एखादा तरी पिवळा पडला. तुमच्या घरात ठकूबाई.

दवाखान्यात मी गेले होते, गेनूभाऊ. तुम्ही बाहेर लाकडी बाकावर बसला होता. आत ठकूबाई चादरीखाली एवढ्याशा दिसत होत्या, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी दोन दिवस काही सांगता येणार नाही म्हणून सांगितलं होतं. मी तुमच्या शेजारी बसले. येताना वाटेत शब्द जुळवले होते. माझं चुकलं, एवढेच दोन. तुम्ही काही बोललात तर मी बोलेन, असं मनाशी ठरवलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि तिकडेच बघत म्हणालात, "घरी जा भाबी. दिस मावळायला आलाय."

मी घरी गेले. ऊन अजून अंगणात होतं, जेवायला वेळ होता. मी ताट वाढून घेतलं नाही.

ठकूबाई उठल्या. पावसाळाभर त्या अंथरुणाला होत्या, पण उठल्या. नसत्या उठल्या तर आज हे लिहायला मी तोंड घेऊन बसले नसते.

त्यानंतरची तीन वर्षं मी काय केलं ते गावाला दिसलं आणि त्याचं श्रेय मी घेतलं. बाजार तिथून हलवायला व्यापाऱ्यांच्या पाया पडले. त्यातले निम्मे आमच्याच समाजाचे. बसलेला माणूस उठवणं किती अवघड असतं ते दुकानदारालाच कळतं. सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मुरूम उपसला गेला तेव्हा तुम्ही मला तळ्याच्या वरच्या कोपऱ्याशी नेऊन दाखवलंत: पाणी आत यायचं तोंड. काँक्रीटनं बुजवा असा हुकूम होता आणि तुम्ही नुसते दगड रचून वर माती लिंपली होती. "कवा तरी उघडावं लागंल म्हनलं," तुम्ही म्हणालात. पंचायतीच्या हुकुमाची तुम्ही एकदाच अवज्ञा केलीत आणि तीही इतक्या सभ्यपणे, की चार-पाच वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

तळी पुन्हा दोन झाली. गाळ पुन्हा वाळायला लागला. त्याच सुमाराला तुमचे बोरी बुद्रुकचे साडू पहिल्यांदा गाळ घेऊन गेले. कशाचा आहे ते कळल्यावर भावकीनं त्यांच्याकडचं पाणी प्यायचं सोडलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा कांदा बघून तीच भावकी ट्रॅक्टर घेऊन आपल्या उतारावर रांगेत उभी राहिली. तुम्ही त्या प्रत्येकाला गाळ भरण्याआधी हातात घेऊन वास घ्यायला लावलात. वासाशिवाय एकही ट्रॉली गेली नाही. इतकं खूश मी तुम्हाला क्वचित पाहिलं.

आणि आपलं ते भांडण. मी म्हणायचे, हे सगळं लिहून ठेवा. कोणती फळी आधी काढायची, कधी काढायची, गाळ किती वाळला की न्यायचा. एका माणसाच्या डोक्यात असलेलं काम त्या माणसाबरोबर जातं. एकदा तालुक्याहून एक साहेब पाण्यात हवा सोडणाऱ्या मशीनचं चित्र घेऊन आले होते. तुम्ही त्यांना विचारलंत, लाइट गेली की पाण्याला काय सांगायचं, थांब म्हनून? तेव्हा आठ-आठ तास लाइट नसायची, साहेब चहा पिऊन गेले. पण त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, लाइट नाही तसे तुम्हीही एक दिवस नसाल. मग पाण्याला काय सांगायचं? मी ठराव करून घेतला: एक तळं चालू, एक विश्रांतीला, दरवर्षी पालट. ग्रामसभेत वाचून दाखवला. तुम्ही मागच्या रांगेतून म्हणालात, "ठराव फळ्या उचलत न्हाई, भाबी. मान्सं उचलत्यात." माणसं शिकवा म्हणायचे तुम्ही. कागदावर आलं की लोक सुटतात, काम कागदाचं होतं. मी म्हणायचे, माणसं मरतात. तुम्ही म्हणायचे, कागदाला वाळवी लागते. ते भांडण काही मिटलं नाही, आणि ते मिटलं नाही याचंच मला आता बरं वाटतं. मिटलं असतं तर उतारावर यायला आपल्याला कारण उरलं नसतं.

जे मिटायला हवं होतं ते दुसरंच होतं.

आमच्यात पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची असते. घरात, शेजारी, दुकानातल्या माणसांना, हात जोडून. वर्षभरात जाणता-अजाणता काही दुखवलं असेल तर माफ करा. बाजार उठला त्या वर्षी मी तुमच्यासमोर हात जोडले. तुम्ही बावरलात. कशाबद्दल, भाबी, असं विचारलंत. खरंच विचारलंत, चेष्टेनं नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, सगळ्याबद्दल. तुम्ही म्हणालात, सगळ्याचं सोडून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कशाबद्दल? सगळ्याबद्दल. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर तुम्ही विचारायचं बंद केलंत, नुसते हात जोडायचे. सगळ्यांची, सगळ्याबद्दल, ठोक भावात क्षमा मागण्याची आमची रीत मोठी चांगली आहे. तिच्या आडोशाला एक चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते. यांना मी एकदा म्हटलं होतं की मला गेनूभाऊंना सांगायचं आहे. हे म्हणाले, ठराव काय तू एकटीनं केलास? सगळ्यांनी हात वर केले होते, उगाच अंगावर कशाला घेतेस. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून ऐकलं.

तुम्ही गेलात तेव्हा माझे हे दोन शब्द द्यायचे राहिले. आता बागेचं ऐका.

महाराष्ट्र दिनाला शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा झाली. तुम्हाला श्रद्धांजली, सगळे दोन मिनिटं उभे. मग आपले सरपंच, चांगला पोरगा आहे, तुम्हाला मानायचा, त्यानं एक गुंडाळलेला नकाशा उलगडला. गेनूभाऊंच्या नावानं स्मृती उद्यान. बाकडी, झोपाळे, मधे कारंजं. जागा? उतारावरचं कोरडं तळं, कारण ते नाहीतरी रिकामंच असतं. टाळ्या थांबेचनात. तुमचा दत्ता चाकणहून रजा टाकून आला होता. तो रडत होता. धनगराच्या पोराला वाटलं, आयुष्यभर गटाराचं काम केलेल्या माझ्या बापाचं नाव गावाच्या कमानीवर लागणार. मला त्याचा चेहरा अजून दिसतो. माझ्याकडे वळून तो म्हणाला, काकू, तुमीच अनुमोदन द्या.

मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा विरोध आहे.

हॉलमध्ये कुजबुज सुटली. मागून कुणीतरी, मला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणालं की शेठाणीला धनगराचं नाव कसं चालंल. गेनूभाऊ, ते मला लागलं. तुमच्याशी मी एवढी भांडले, पण हे आपल्या दोघांत कधी नव्हतं. क्षणभर वाटलं, बसावं. होऊ दे बाग. तुमच्या नावाला विरोध करणारी बाई म्हणून मरण्यापेक्षा ते सोपं होतं. तळ्याचं पुढं बघता येईल. असंच मी मागेही म्हटलं होतं.

मी बसले नाही. मी म्हटलं, "ती जागा रिकामी नाही. हे मला गेनूभाऊंनी माझ्या दुकानाच्या पायरीशी उभं राहून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. तिथं बाजार भरवायचा ठराव मी मांडला होता. वहीत माझी सही आहे. त्यानंतरच्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत जी कावीळ आली ती माझ्यामुळे आली. माझं चुकलं. पुन्हा एकदा ते तळं मी बुजवू देणार नाही, त्यांच्या नावानंसुद्धा नाही."

तुम्हाला द्यायचे शब्द मी चारशे लोकांना दिले. तुम्हाला सोडून सगळ्यांना मिळाले.

बाग रद्द झाली. दुसरी जागा बघू, असं सरपंच म्हणाले. पंचायतीनं ठरवलं एवढंच गावाला ठाऊक होतं. कुणी मांडलं ते वहीत होतं, आणि जुन्या पंचांतले निम्मे आता नाहीत. लोक माझ्याकडे बघत होते, मग ते बायकांच्या रांगेकडे बघायला लागले. तिथं ठकूबाई बसल्या होत्या. दत्ता माझ्याशी न बोलता बाहेर पडला आणि मिळेल त्या जीपनं चाकणला गेला. तो कधी बोलेल माहीत नाही. नाही बोलला तरी त्याचं चूक नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मी पायऱ्यांवर थांबले. ठकूबाई सावकाश उतरत आल्या. कावीळ गेल्यापासून त्यांचे गुडघे कधी धड झालेच नाहीत. मी हात जोडले आणि या वेळी सगळ्याबद्दल म्हटलं नाही. त्या पावसाळ्याबद्दल म्हटलं.

त्यांनी काठी पायरीवर टेकवली. मग म्हणाल्या, "घरात त्यांनी सरकारचा हुकूम आला म्हनून सांगितलं व्हतं. मुंबईचा. मी सरकारला लई शिव्या घातल्या, भाबी, आथरुनात पडून. ते ऐकत बसायचे. एका शब्दानं तुमचं नाव न्हाई घेतलं."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की मी तुमच्यापासून माझी चूक लपवते आहे. तुम्ही ती माझ्यासाठी स्वतःच्या बायकोपासून लपवली होती, तिच्या उशाशी बसून. आणि दरवर्षी मी हात जोडले की तुम्ही विचारायचे, कशाबद्दल. तुम्ही ते तोंडात घास दिल्यासारखं माझ्यापुढं धरत होतात, गेनूभाऊ, आणि मी घेतला नाही.

मी ठकूबाईंना विचारलं, मला माफ कराल का. अशी वेळ आली की आपल्याकडे लोक पटकन म्हणतात, जाऊ द्या, झालं गेलं. मीही त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला सांगू.

"त्यांनी केलं आसंल," त्या म्हणाल्या. "मी आजून न्हाई केलं. मला आजच कळलंय." काठी दुसऱ्या हातात घेऊन त्या शेवटची पायरी उतरल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "आखितीला सकाळच्या पारी या. पाणी फिरवायचंय. मागल्या दोन वरसांपासनं फळ्या त्यांच्यासंगं मीच उचलत व्हते, त्यांच्यानं व्हत नव्हतं. येकटीला उचलत न्हाई."

परवा आखिती आहे. मी जाणार आहे.